टांकसाळीच्या चुका आणि लोकांची नजर

फिलाडेल्फिया येथील टांकसाळीत १२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडण्यात आला आणि १७९३ पासून चालत आलेली एक परंपरा संपुष्टात आली. एक सेंटचे नाणे पाडण्यास २०२४ च्या आर्थिक वर्षात त्या सरकारला ३.६९ सेंट खर्च येत होता. तेव्हा हा निर्णय व्यवहाराला सोडून होता असे कोणी म्हणणार नाही. जुने सेंट कायदेशीर चलन म्हणून राहणारच आहेत, आणि बिलाची रक्कम पाच सेंटांच्या पटीत करून घेण्याची सवय दुकानदारांना व गिऱ्हाइकांना यथाकाल लागेल. परंतु या निर्णयाने ज्याला मनापासून चुटपुट लागली असा एक वर्ग त्या देशात आहे. बँकेतून नाण्यांच्या पेट्याच्या पेट्या दर्शनी किमतीला घ्यायच्या, घरी नेऊन एकेक नाणे उलटसुलट करून पाहायचे, वेगळे दिसेल ते काढून ठेवायचे आणि उरलेली सारी नाणी पुन्हा बँकेत भरायची, हा या मंडळींचा उद्योग. तेथे त्याला ‘कॉइन रोल हंटिंग’ असे नाव आहे. पेन्शनर, शाळकरी मुले, रात्रपाळीचे कामगार असे सर्व थरांतले लोक त्यात आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा खेळ वाटण्याचा संभव आहे, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या खेळाने तेथील सरकारला अनेकदा अडचणीत आणले, एकदा तर स्वतःचे विधान खोटे ठरलेले पाहावयास लावले. सरकारने हाती ठेवलेले नाणे नागरिकाने निमूटपणे खिशात टाकावे की पाहून घ्यावे, असा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. नाण्यावर राज्याची मुद्रा असते म्हणून ते चालते. आणि म्हणूनच त्या मुद्रेत चूक झाली तर ती कोणी तरी पाहिली पाहिजे.

अमेरिकेत बँका सुटी नाणी कागदी गुंडाळ्यांतून देतात. सेंटच्या गुंडाळीत ५० नाणी असतात, पाव डॉलरच्या ४० आणि अर्ध्या डॉलरच्या २०. अशा पन्नास गुंडाळ्यांची एक पेटी होते. म्हणजे २५ डॉलर मोजले की अडीच हजार सेंट घरी येतात आणि ५०० डॉलर मोजले की एक हजार अर्धे डॉलर. अर्ध्या डॉलरचे नाणे १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते. १९६५ ते १९७० या काळात ते प्रमाण ४० टक्क्यांवर आले आणि १९७१ पासून चलनी नाण्यातली चांदी पार गेली. पहिल्या प्रकारच्या नाण्यात सव्वाअकरा ग्रॅम चांदी असते, दुसऱ्यात ४.६ ग्रॅम. म्हणून सराईत माणूस ही नाणी ओळीने उभी लावून केवळ त्यांच्या कडा न्याहाळतो. नव्या नाण्याच्या कडेवर तांब्याची तपकिरी रेघ ठसठशीत दिसते, जुन्याची कड पांढरी असते. पेटीभर तपकिरी कडांमध्ये एखादी पांढरी कड चमकली की श्रमांचे सार्थक झाले. अर्थात अनेक पेट्यांत ती चमकत नाही. नाणी परत भरताना बँकेतल्या कारकुनाच्या कपाळावरच्या आठ्या पाहाव्या लागतात त्या वेगळ्याच. ज्या बँकेतून नाणी घेतली तिथेच ती परत न भरता दुसरीकडे भरण्याचा शिष्टाचार या मंडळींनी स्वतःच घालून घेतला आहे, तो त्या आठ्यांमुळेच.

चांदी शोधणे हा या उद्योगाचा सोपा भाग. त्याचा कठीण आणि खरा रसाचा भाग भिंगाखाली चालतो. तिथे वर्ष पाहावे लागते. टांकसाळीचे अक्षर पाहावे लागते, म्हणजे डेन्व्हरचे डी, सॅन फ्रान्सिस्कोचे एस. अक्षरांच्या कडा दुहेरी आहेत काय, एखादे अक्षर पडलेच नाही काय, हे पाहावे लागते. नाण्याचा धातू तोच, वजन तेच, बाजारात मिळणारी वस्तूही तेवढीच. आणि तरी एका क्षुल्लक फरकाने त्याची किंमत हजारो पटींनी वाढते. हा चमत्कार नुसत्या दुर्मिळतेने होत नाही. ते नाणे दुर्मिळ आहे हे सिद्ध करता यावे लागते, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात: टांकसाळीने किती नाणी पाडली याचा विश्वसनीय हिशेब, आणि तो हिशेब ठाऊक असलेले पुष्कळ लोक.

या दोन्ही गोष्टी अमेरिकेत मंदीच्या काळात सामान्य घरांपर्यंत पोहोचल्या. १९३४ च्या सुमारास विस्कॉन्सिन राज्यातील नीना या गावच्या जे. के. पोस्ट नावाच्या गृहस्थाने पुठ्ठ्यावर सेंटच्या आकाराची भोके पाडून प्रत्येक भोकाखाली वर्ष व टांकसाळ छापली. पुढे व्हिटमन या प्रकाशनसंस्थेने हे पुठ्ठे देशभर पोहोचवले. हाती काम नाही, करमणुकीला पैसा नाही, अशा काळात खिशातल्या मोडीतून भोके भरण्याचा हा खेळ घरोघर लागला. १९४६ च्या अखेरीस आर. एस. योमन यांची नाण्यांची सूची निघाली. लाल बांधणीमुळे ती ‘रेड बुक’ म्हणूनच ओळखली जाते. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याची आद्याक्षरे असलेले सेंट अवघे ४,८४,००० पाडले होते, हे मग गावोगावच्या पोरांनाही पाठ झाले. ते भोक बहुतेकांच्या पुठ्ठ्यात रिकामेच राहिले; पण ते का रिकामे आहे हे त्यांना ठाऊक होते.

सरकारचा नकार आणि पोराचे नाणे

दुसऱ्या महायुद्धात तांबे दारूगोळ्याकडे वळवावे लागले. हिंदुस्थानात १९४३ साली भोकाचा पैसा आला. त्यामागचे कारण धातूची बचत हेच होते. त्याच वर्षी अमेरिकेने सेंट तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला. परंतु आदल्या वर्षीच्या ब्राँझच्या काही चकत्या टांकसाळीतील पिंपांच्या खाचाखोचांत अडकून राहिल्या आणि पोलादी चकत्यांबरोबर यंत्राखाली गेल्या. अशी १९४३ सालची तांबडी नाणी तिन्ही टांकसाळींची मिळून आजवर वीस-पंचवीसच्या घरात उजेडात आली आहेत.

१९४७ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड या गावी सोळा वर्षांच्या एका मुलाला शाळेच्या उपाहारगृहात मोडीतून असा एक सेंट मिळाला. हे नाणे देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देणार आहेत अशी एक वदंता त्या काळी पसरली होती. ती निराधार निघाली. मुलाने मग सरकारी कोषागाराकडे विचारणा केली. १९४३ साली तांब्याचे सेंट पाडलेच गेले नाहीत, सर्व सेंट पोलादाचेच होते, असे ठाम उत्तर आले. हाती नाणे आहे आणि सरकार म्हणते ते अस्तित्वातच नाही! सुदैवाने त्या मुलाचा सरकारी कागदापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विश्वास होता. त्याने ते नाणे सुमारे सत्तर वर्षे सांभाळले. त्याच्या मृत्यूनंतर जानेवारी २०१९ मध्ये त्याचा लिलाव झाला. २,०४,००० डॉलर आले आणि ते त्याच्या इच्छेप्रमाणे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाले. दरम्यान कोषागाराचे मत कधीच मागे पडले होते. ही नाणी खरी आहेत हे आज कोणी अमान्य करीत नाही, आणि खऱ्याखोट्याची पहिली कसोटी कोणाही गृहिणीला करता येण्याजोगी आहे: लोहचुंबकाला चिकटले ते पोलादावर तांब्याचा मुलामा चढवलेले बनावट नाणे.

सरकारने दाखवलेला हा ताठा एकट्या १९४३ चा नव्हता. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेल्या काही सेंटांवर अक्षरे दुहेरी उमटलेली आढळली. त्याच सुमारास दोघा इसमांनी फिलाडेल्फियाच्या त्याच सालच्या सेंटाची दुहेरी अक्षरांची बनावट नाणी काढली होती. त्यामुळे सीक्रेट सर्व्हिसने सॅन फ्रान्सिस्कोची नाणीही बनावट समजून ज्यांच्याकडे सापडली त्यांच्याकडून जप्त केली. पुढे ती अस्सल ठरली व परत करावी लागली. चूक सापडली तर ती आपली असू शकेल, ही शंका टांकसाळीला शेवटी यावी, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

याउलट १९५५ चे उदाहरण. त्या वेळी नाण्याचा ठसा तयार करताना मूळ ठशाचा दाब पोलादाच्या तुकड्यावर एकाहून अधिक वेळा द्यावा लागे. पहिल्या दाबाने पोलाद ताठर होई, ते तापवून मऊ करीत आणि पुन्हा दाबाखाली धरीत. हे दोन दाब एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत तर ठशावरच अक्षरे दुहेरी उमटतात आणि त्या ठशाखालून जाणारे प्रत्येक नाणे तीच चूक घेऊन बाहेर पडते. फिलाडेल्फियात १९५५ साली असे सुमारे चाळीस हजार सेंट पडले. तपासनिसाच्या ध्यानात हे आले तेव्हा त्यांतले निम्म्याहून अधिक चांगल्या नाण्यांच्या प्रचंड ढिगात मिसळून गेले होते. एवढ्यासाठी सारा ढीग वितळवायचा काय? अधिकाऱ्यांनी तो तसाच चलनात सोडला. त्या वेळी काही ठिकाणी यंत्रातून मिळणारे सिगारेटचे पाकीट २३ सेंटांना पडे आणि पाव डॉलर टाकणाऱ्याला परत द्यावयाचे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच घालून ठेवलेले असत. दुहेरी अक्षरांचे अनेक सेंट अशा पाकिटांतून लोकांच्या हाती आले असे सांगतात. धूम्रपानाचा एवढा एकच फायदा इतिहासात नोंदलेला असावा.

खापर कोणाच्या माथी?

या छंदावर खरे संकट आले ते १९६० नंतरच्या काही वर्षांत. त्या काळी अमेरिकेत सुट्या नाण्यांचा मोठा तुटवडा पडला. व्यापार वाढत होता, नाणे टाकून चालणारी यंत्रे गल्लोगल्ली बसत होती, आणि मुख्य म्हणजे चांदी महाग होत होती. १९६३ साली चांदीचा भाव औंसाला १.२९ डॉलरवर गेला. या भावाला चांदीच्या डॉलरमधील धातू आणि त्याचे दर्शनी मूल्य समान होते. लहान नाण्यांच्या बाबतीत ही मर्यादा १.३८ डॉलरची होती, म्हणजे फार लांब नव्हती. अशा स्थितीत लोक चांदी राखून ठेवणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. वाईट पैसा चांगल्या पैशाला हुसकून लावतो, हा नियम ग्रेशॅमच्या नावाने जगाला ठाऊक आहे.

परंतु टांकसाळीच्या संचालिका ईव्हा ॲडम्स यांच्या रोखाची दिशा निराळी होती. तुटवड्याला संग्राहक जबाबदार आहेत, असा ठपका ठेवण्यात आला. त्यात तथ्यच नव्हते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १९५० साली डेन्व्हरला पाडलेल्या पाच सेंटांच्या नाण्यांच्या न फोडलेल्या गुंडाळ्या सट्टेबाजांनी वर्षानुवर्षे दाबून ठेवल्या होत्या, आणि तसा मोह इतरांनाही होत होता. तथापि सट्टेबाज आणि संग्राहक यांत फरक करण्याची तसदी सरकारने घेतली नाही. १९६५ साल उजाडल्यावरही नाण्यांवर १९६४ हेच साल घालण्यात आले, जेणेकरून कोणतेच साल दुर्मिळ राहू नये. १९६५, १९६६ व १९६७ या तीन सालांच्या नाण्यांवरून टांकसाळीची अक्षरे काढून टाकण्यात आली. ज्या खुणेवरून चूक कोणत्या टांकसाळीची हे सांगता येत होते, तीच पुसली गेली. आजाऱ्याचा ताप उतरत नाही म्हणून तापमापक फोडण्याचा हा प्रकार होता.

२३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणेविषयक कायद्यावर सही केली. दहा सेंट व पाव डॉलर यांतील चांदी त्याने गेली. जुनी आणि नवी नाणी शेजारी शेजारी चालतील, जुनी साठवण्यात कोणाला लाभ होणार नाही, असा दिलासा त्यांनी त्या वेळी दिला होता. प्रत्यक्षात काही वर्षांतच चांदीची नाणी व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली. त्यांतली बहुतेक संग्राहकांच्या पुठ्ठ्यांत गेली नव्हती. ती चांदी म्हणून गेली होती. जानेवारी १९८० मध्ये हंट बंधूंच्या खरेदीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली तेव्हा पोतीच्या पोती नाणी मुशीत गेली. त्यांत दुर्मिळ काय होते हे पाहण्याची कोणाला फुरसत नव्हती. टांकसाळीची अक्षरे मात्र १९६८ साली मुकाट्याने नाण्यांवर परत आली. आज कोणाला गुंडाळीत एखादे पांढऱ्या कडेचे नाणे सापडते, ते त्या झडतीतून निसटलेले असते.

आपल्याच तिजोरीत काय आहे हे सरकारने लोकांना न सांगितल्यास काय होते, याचा धडाही त्याच काळात मिळाला. न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीत १९०३ साली पाडलेला चांदीचा डॉलर, कोऱ्या अवस्थेतला, सूचीत १,५०० डॉलर किमतीचा गणला जाई. १९६२ च्या अखेरीस कोषागाराने चांदीच्या डॉलरची पोती देण्यास काढली, तो त्यांत हीच नाणी पोतीभर निघाली. दर्शनी मूल्याला नाणे घेणाऱ्यांचे उखळ पांढरे झाले. आधी विकत घेतलेल्यांची किंमत काही आठवड्यांत मातीमोल झाली. पुस्तकातला भाव तिजोरीच्या कुलपावर अवलंबून होता, हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या अर्धशतकात टांकसाळीची वृत्ती पालटली. १९८२ साली फिलाडेल्फियाचे पी हे अक्षर दहा सेंटांच्या काही नाण्यांवर पडायचे राहिले. २००४ सालच्या विस्कॉन्सिनच्या पाव डॉलरवर मक्याच्या कणसाला एक जादा पान आढळले. २००७ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या डॉलरवर कडेचा मजकूर उमटायचा राहून गेला. या सर्व चुका सामान्य लोकांनीच शोधल्या, आणि कोणाच्या घरी जप्ती आली नाही. २०१९ साली तर टांकसाळीने स्वतःच वेस्ट पॉइंट येथे पाडलेले, डब्ल्यू अक्षराचे पाव डॉलर, पाच प्रकारांचे प्रत्येकी वीस लाख, गुपचूप चलनात मिसळले आणि मग लोकांना ते शोधा म्हणून सांगितले. पुढल्या वर्षीही तसेच केले. ज्यांच्यावर साठेबाजीचा आळ घेतला त्यांनाच आता शोधाचे निमंत्रण! यात हिशेब असा की लोक नाणी पाहू लागले म्हणजे नाण्यांना मागणी राहते.

तरी या औदार्यात एक गोम आहे. ठरवून दुर्मिळ केलेले नाणे आणि चुकून दुर्मिळ झालेले नाणे यांत अंतर आहे. १९५५ चा सेंट सिगारेटच्या पाकिटातून कोणाच्याही हाती येऊ शकत होता. २०२५ मध्ये सेंटला निरोप देताना ओमेगा या ग्रीक अक्षराची खूण असलेले नाण्यांचे २३२ संच काढण्यात आले. सेंटच्या २३२ वर्षांसाठी एकेक. परंतु ते चलनात आलेच नाहीत, डिसेंबरमध्ये थेट लिलावात गेले. गरिबाच्या नाण्याची शेवटची प्रत धनिकांच्या बोलीवर चढावी, हे त्या नाण्याच्या चरित्राशी फारसे सुसंगत झाले नाही.

साठेबाजीचा आरोप सर्वस्वी खोटाही नाही. १९८२ च्या मध्यापर्यंत सेंटमध्ये ९५ टक्के तांबे होते. नंतर तो तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचा झाला. ३.११ ग्रॅमचे जुने नाणे आणि अडीच ग्रॅमचे नवे नाणे यंत्राने वेगळे करून तांब्याची पिंपेच्या पिंपे भरून ठेवणारे लोक तेथे आहेत. सेंट व पाच सेंट वितळविण्यावर डिसेंबर २००६ पासून बंदी आहे. दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. बंदी उठेल या आशेवर ही पिंपे बसून आहेत. या लोकांना संग्राहकांच्या पंक्तीत बसवणे चुकीचे होय. ते नाणे तोलतात, पाहत नाहीत.

जोगळटेंभीचा हंडा ते दहाचे नाणे

नाण्यांचा ढीग एकेक करून पाहण्याचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा व त्याची अक्षरे अर्धवट डोकावत होती. दोन ठसे एकमेकांवर पडलेले हे प्रत्येक नाणे म्हणजे एका सत्तेने दुसरीचा पाडाव केल्याचा पुरावा होता. रेव्हरंड स्कॉट यांनी तो ढीग नुसता तोलला असता तर इतकी चांदी मिळाली एवढेच कळले असते. पेशवाईत नाणी पारखून घेणाऱ्या पोतदाराचे पद होते आणि ते आडनाव घराघरांत आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधनसंस्था उभी आहे. परंपरा अशी, आणि रोजच्या व्यवहारातली स्थिती मात्र निराळी.

दहा रुपयांचे दुधातू नाणे २००९ पासून चलनात आले. पुढे त्याचे अनेक प्रकार निघाले. रुपयाचे चिन्ह असलेले, नसलेले. काठावर दहा रेघा असलेले, पंधरा असलेले. निरनिराळ्या प्रसंगांची चित्रे असलेले. दहा रेघांचे तेवढे खरे आणि बाकीचे खोटे, अशी आवई कोणी तरी उठवली आणि दुकानदार, रिक्षावाले, भाजीवाले दहाचे नाणे नाकारू लागले. रिझर्व्ह बँकेला २०१६ मध्ये आणि पुन्हा १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून सांगावे लागले की चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत आणि ती घ्यावीच लागतील. तरीही कित्येक गावांतून नकार चालूच राहिला. नाण्यांतील जो फरक दिसताच विस्कॉन्सिनच्या पाव डॉलरवर लोकांची झुंबड उडाली, तसाच फरक येथे दिसताच नाणे खोटे ठरले. जे वेगळे ते संशयास्पद, असा समज जिथे माहिती नसते तिथेच मूळ धरतो.

याच अज्ञानाची दुसरी बाजू अधिक क्लेशदायक आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे, ते २०१२ साली निघाले, तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती गेली अनेक वर्षे फिरत आहेत. नाणे दाखवा, मग नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा, मग वाहतुकीचे भरा, आणि शेवटी समोरचा दूरध्वनी बंद. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून हे प्रकार चालल्याने ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला जाहीर करावे लागले की ती अशा व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही. फसणारा माणूस लोभी असतो असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मुलीच्या लग्नाच्या खर्चाची चिंता असलेल्या एखाद्या निवृत्त शिपायाला आपल्या डब्यातले नाणे सर्वत्र मिळणारे आहे की दुर्मिळ, हे विचारायला जागा कोणती? पिट्सफील्डच्या त्या मुलाला सरकारने नाही म्हटले तरी पडताळा घेण्यासाठी सूची होती, जाणकार होते, आणि शेजाऱ्याच्या घरात भोकांचा पुठ्ठा होता.

१४४४० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास दहाच्या नाण्याची माहिती मिळेल, अशी सोय रिझर्व्ह बँकेने २०१८ साली केली होती. हेतू चांगला होता; पण नाण्याची ओळख ऐकून पटत नाही. चौदा प्रकारांची ठळक चित्रे असलेला एक तक्ता बँकेच्या प्रत्येक शाखेत, एस.टी. स्थानकावर आणि आठवडे बाजाराच्या ग्रामपंचायतीत लावायला किती खर्च येणार आहे? कोणत्या साली, कोणत्या टांकसाळीत, कोणत्या प्रकारची किती नाणी पाडली याचे आकडे त्याच तक्त्याखाली मराठीत दरवर्षी चिकटवता येतील. चुकीची नाणी आढळली तर ती कोणाला दाखवावयाची, हेही तेथे लिहिता येईल. मुंबईच्या टांकसाळीची खूण हिऱ्याची, हैदराबादची ताऱ्याची, नोएडाची ठिपक्याची, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते, एवढी माहिती पाचवीच्या मुलाला एका तासात देता येते. सालाच्या आकड्याखाली ती खूण शोधायला त्याला भिंगाचीही गरज पडत नाही.